उसावरच्या गाड्या आणि मामांची पद्मिनी

पिरासिकाबा (साओ पावलो राज्य, ब्राझील)

कोल्हापूरहून मामांचा फोन आला की निम्मा वेळ उसातच जातो. या खेपेला मात्र विषय गाडीचा निघाला. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येतं. दारात ताडपत्रीखाली उभी असलेली त्यांची जुनी प्रीमियर पद्मिनी ते पचवील का? वर टोमणाही होताच : "तुमच्याकडे तर म्हणे सगळ्या गाड्या नुसत्या दारूवर पळतात. मग आमच्याकडेच एवढी ओरड कशाला?"

पळतात खऱ्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पंपावर दोन नळ्या शेजारी शेजारी लटकतात, एक पेट्रोलची आणि एक इथेनॉलची. फलकावर आता 'एटानोल' लिहितात, जुनी माणसं अजून 'आल्कोल'च म्हणतात. इथेनॉलच्या पंपाला बाहेरून काचेची एक नळकांडी असते, आत घनता दाखवणारा तरंगता काटा. गिऱ्हाइकाने आधी तिकडे बघावं आणि मग पैसे द्यावेत अशी सोय. कारण भेसळ. पेट्रोलमध्ये मिसळायच्या निर्जल इथेनॉलवर कर कमी, म्हणून त्यात नळाचं पाणी ओतून ते थेट गाडीत भरायचं इथेनॉल म्हणून विकण्याचा धंदा इथे जोरात होता. 'ओला आल्कोल' हे त्याचं बाजारातलं नाव. शेवटी सरकारने निर्जल मालात नारिंगी रंग घालायला लावला. पंपावरचं इथेनॉल पाण्यासारखं नितळच दिसलं पाहिजे. रंगाची झाक दिसली की समजायचं, पाणी मुरतंय.

भरायचं कुठलं, याचा हिशेब पोरासोरांनाही तोंडपाठ आहे. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या जेमतेम दोन तृतीयांश ऊर्जा. म्हणून इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या आत असेल तरच ते घ्यायचं. पेट्रोल सहा रेआल असेल, तर चार रेआल वीस सेंतावोपर्यंत इथेनॉल. त्यावर गेलं की दुसरी नळी. हे चैनीचं स्वातंत्र्य 2003 साली आलं. त्या वर्षी फोल्क्सवागनने 'गोल' ही दोन्ही इंधनं कशीही मिसळून चालणारी पहिली फ्लेक्स गाडी बाजारात आणली. धुरातला प्राणवायू मोजून टाकीत काय आहे ते संगणक ओळखतो आणि त्याप्रमाणे इंधन सोडतो.

पद्मिनीला असा संगणक कुठला? म्हणून मी मामांचा प्रश्न घेऊन आमच्या मेकॅनिककडे गेलो. म्हातारा गडी, जुन्या फुस्कांचा वैद्य. फुस्का म्हणजे आपली बीटल. त्याने टेबलावर कार्ब्युरेटरचे दोन पितळी जेट ठेवले, हरभऱ्याएवढे. उजेडात धरले तेव्हा एकाचं भोक दुसऱ्यापेक्षा केसभर मोठं दिसलं. "हा पेट्रोलचा, हा आल्कोलचा. सगळी भानगड एवढ्याशा भोकात." पेट्रोल जळायला वजनाने त्याच्या पंधरापट हवा लागते, इथेनॉलला नऊपट पुरते. कार्ब्युरेटर बिचारा आंधळा. जुन्या भोकातून इथेनॉल सोडलं की मिश्रण 'लीन' होतं, म्हणजे हवा जास्त, इंधन कमी; इंजिन तापतं, गाडी गचके खाते.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. 1973 च्या तेलसंकटानंतर गायझेल यांच्या लष्करी राजवटीने नोव्हेंबर 1975 मध्ये 'प्रोआल्कोल' योजना काढली. साओ जोझे दोस काम्पोसच्या हवाई संशोधन केंद्रात उर्बानो एर्नेस्तो स्टुम्फ या अभियंत्याच्या चमूने पेट्रोलची इंजिनं शुद्ध इथेनॉलवर वळवून दाखवली. जुलै 1979 मध्ये फियाट 147 आली, निव्वळ इथेनॉलवरची कारखान्यात बनलेली पहिली गाडी. तिच्या धुराला उसाच्या गावठी दारूचा वास यायचा, म्हणून लाडाचं नाव पडलं 'काशासिन्या'. नुसता जेट बदलून ती झाली नव्हती. इंजिनाचा दाब वाढवला, कार्ब्युरेटरला निकेलचा मुलामा दिला, आणि थंडीत इथेनॉलची वाफ होत नाही म्हणून बॉनेटखाली पेट्रोलची चिमुकली टाकी बसवली. मेकॅनिकला तिची आठवण निघाली की हसू येतं : जुलैच्या, म्हणजे इथल्या हिवाळ्यातल्या, पहाटे ही 'तांकिन्यो' रिकामी सापडली की अख्खी आळी गाडी ढकलायला.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर दर दहा नव्या गाड्यांतल्या नऊ अशा होत्या. मग तेल उतरलं, साखर चढली, कारखान्यांनी ऊस साखरेकडे वळवला, आणि 1989 च्या सुमारास पंपावर इथेनॉलच मिळेना. ज्याची गाडी दुसरं काही पीतच नाही, त्याने रांगेत किती वेळ उभं राहायचं? लोकांनी त्या गाड्यांकडे जी पाठ फिरवली ती फ्लेक्स येईपर्यंत. साखर आणि स्पिरिट यांतली ही ओढाताण कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकाला वेगळी सांगायला नको.

मामांच्या टोमण्याचं उत्तर मला इथेच सापडलं. ब्राझीलच्या साध्या पेट्रोलमध्ये गेली कित्येक दशकं वीस-पंचवीस टक्के इथेनॉल आहेच. 2015 पासून 27 झालं, 1 ऑगस्ट 2025 पासून 30. पण इथली गाडी कारखान्यातूनच त्या मिश्रणाच्या हिशेबाने निघते. पद्मिनी निघाली ती निव्वळ पेट्रोलच्या हिशेबाने. ब्राझीलचा दाखला देऊन तिला गप्प बसवणं म्हणजे सुनेचं माप सासूच्या अंगावर चढवणं. आणि इथे जुन्या गाडीवाल्याला महाग का होईना, 25 टक्क्यांचं प्रीमियम पेट्रोल तरी ठेवलेलं आहे.

म्हणून पद्मिनी भंगारात काढायचीही गरज नाही. म्हाताऱ्याच्या मते वीस टक्क्यांनी इंजिन मरत नाही, आधी रबर मरतं. इंधनाचे पाइप, पंपाचा पडदा, वायसरं हे सगळं इथेनॉल सोसणारं घालायचं, जेट एक नंबर मोठा करून बघायचा. टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ इथेनॉल सोडवून आणतं, म्हणून पहिले काही महिने फिल्टर वरचेवर बदलायचा.

मी मोबाइलवर पद्मिनीचा फोटो दाखवला. चष्मा कपाळावर सरकवून त्याने बराच वेळ निरखला. ही गाडी त्याने कधी पाहिली नव्हती, तरी फियाटचं घराणं त्याने बरोबर ओळखलं. मग विचारलं, "टाकीत किती आहे?"

"अर्धी. गेल्या दिवाळीपासून उभी आहे."

त्याने हात कपाळाला लावला. अर्ध्या टाकीत वर दमट हवा. इथेनॉल ती ओल पितं, पुरेसं प्यालं की पेट्रोलपासून फुटून पाण्यासकट तळाला बसतं. चावी फिरवली की पहिला घोट त्याचाच. त्यातही आपला पावसाळा.

रात्री फोन लावला. मामा उसाच्या दरावर सुरू होणार, तोच म्हटलं, "मामा, ते राहू द्या. आधी टाकी उपसा."