युद्धाने बेघर झालेल्यांची घरं : पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

युद्ध, हिंसा आणि छळ यांमुळे २०२४च्या अखेरीस जगात १२ कोटींहून अधिक माणसं आपल्या घरातून परागंदा झालेली होती, असं संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था सांगते. त्यांच्यासाठी मॉड्युलर घरांचा पर्याय पुढे येतो. भिंती, छत, दारं-खिडक्या ठरावीक मापात कारखान्यात तयार करायच्या, ट्रकने न्यायच्या आणि जागेवर जोडायच्या. या घरांबद्दल आपल्याकडे बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज १ : हा परदेशातला प्रश्न, आपला काय संबंध?

वस्तुस्थिती : दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत राजवटीने सैबेरिया, कझाकस्तानात हद्दपार केलेल्या पोलिश लोकांपैकी सुमारे पाच हजार जण इराणमार्गे कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी आले. त्यांत बहुतेक बायका आणि मुलं होती. १९४३मध्ये त्यांच्यासाठी छावणी वसवली गेली. एका नमुन्याच्या लांबलचक बराकी, वर कौलं, बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती आणि आत कुटुंबागणिक पाडलेली बिऱ्हाडं. कारखान्यातले सुटे भाग तिथे नव्हते, पण एकच माप ठरवून झपाट्याने वस्ती उभी करण्याचा विचार तोच. आजच्या महाराष्ट्राच्या भूमीवर हे काम ऐंशी वर्षांपूर्वी झालेलं आहे.

गैरसमज २ : युद्ध थांबलं की लोक परत जातात, तोवर तंबू पुरे.

वस्तुस्थिती : युद्ध १९४५मध्ये संपलं, वळिवड्याची छावणी मात्र १९४८पर्यंत चालली. पोलंडची राजवट आणि सीमा दोन्ही बदलल्या होत्या, अनेकांना परतायला गावच उरलं नव्हतं. पोलिश लोक गेल्यावर त्याच जागी फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबं आली आणि छावणीचं गांधीनगर झालं. कल्याणजवळच्या लष्करी छावणीतही सिंधमधून आलेले सुमारे एक लाख लोक राहिले. १९४९मध्ये तिचं नाव उल्हासनगर झालं, तरी तिथे आजही पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर’ सांगतात. जॉर्डनमधली झातारी छावणी २०१२मध्ये तंबूंनी सुरू झाली. काही वर्षांत तिथे कारखान्यात बनलेल्या हजारो खोल्या उभ्या राहिल्या. म्हणून पहिल्याच दिवशी अनेक वर्षांचा हिशेब धरून घर निवडावं लागतं.

गैरसमज ३ : मॉड्युलर घर म्हणजे पत्र्याची पेटी.

वस्तुस्थिती : सोलापूरकडच्या आमच्या वळसंगच्या माणसाला ही शंका येणं साहजिक आहे. एप्रिल-मे महिन्यात इकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि नुसत्या पत्र्याखाली दुपारी बसवत नाही. तसं घर खरोखरच वाईट. पण मॉड्युलर हा घर जोडण्याचा प्रकार आहे, साहित्य कोणतंही असू शकतं. जपानी वास्तुविशारद शिगेरू बान यांनी २००१च्या भूकंपानंतर भुजमध्ये कागदी नळ्यांची घरं बांधली. स्वीडनमध्ये आखलेलं, निर्वासित संस्था वापरते ते घर पोलादी सांगाडा आणि हलक्या फोमच्या तक्त्यांचं असतं. दोन खोक्यांत मावतं, चार माणसं काही तासांत जोडतात. त्याचं क्षेत्रफळ साडेसतरा चौरस मीटर. मदतकार्यातल्या ‘स्फिअर’ मानकांप्रमाणे माणशी किमान साडेतीन चौरस मीटर जागा हवी, म्हणजे हे बरोबर पाच माणसांचं घर झालं. त्यातही दोष निघाले. २०१५मध्ये झुरिच शहराने ते आगीच्या चाचणीत नापास केलं आणि नंतर त्यात सुधारणा झाल्या. उष्ण प्रदेशात छताखाली हवेची पोकळी, समोरासमोर झरोके आणि दारापुढे सावली या गोष्टी जोडकामाइतक्याच महत्त्वाच्या असतात.

गैरसमज ४ : कारखान्यातलं ते पर्यावरणाला घातक, दगडमातीचं तेच शाश्वत.

वस्तुस्थिती : आपली माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, घरं उन्हाळ्यात थंड राहतात, हे खरं. पण ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि छतावरचं मातीचं ओझं झोपलेल्या माणसांवर कोसळलं. सुमारे आठ हजार जीव गेले. शाश्वत घर आधी सुरक्षित असावं लागतं. दुसरीकडे, हजारो किलोमीटरवरून आणलेलं आणि दोन-तीन वर्षांत कचऱ्यात जाणारं प्लास्टिकचं घरही शाश्वत नाही. म्हणूनच मधला मार्ग आता रुळतो आहे : हलका, पक्का सांगाडा कारखान्यातून आणायचा आणि भिंती बांबू, माती किंवा विटांनी स्थानिक मिस्त्रीकडून भरून घ्यायच्या. माणसं गावी परतली तर सांगाडा उतरवून दुसऱ्या कुटुंबाला देता येतो.

गैरसमज ५ : छप्पर दिलं की काम झालं, राहणाऱ्यांनी त्यात बदल करू नयेत.

वस्तुस्थिती : ‘स्फिअर’ मानकं छपरासोबत माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी धरतात. शौचालय, दिवाबत्ती, शाळा, दवाखाना आणि रोजगार नसेल तर उत्तम घरही कोंडवाडा होतं. वळिवड्यात पोलिश मुलांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. गांधीनगरच्या सिंधी कुटुंबांनी तर कापडाची घाऊक बाजारपेठ उभी केली, तिथे आज दूरदूरचे दुकानदार माल भरायला येतात. झातारीत लोकांनी खोल्या हलवून आपल्या नात्यागोत्याजवळ नेल्या, दोन-तीन खोल्या जोडून मधे अंगण काढलं, मुख्य रस्त्यावर दुकानं थाटली. सरळ रांगांचा नकाशा मोडला, पण घराला घरपण आलं. आधीच सगळं गमावलेल्या माणसाला भिंतीत खिडकी कुठे हवी हे ठरवता आलंच पाहिजे.

म्हणून अशा घरांची योजना समोर आली की किमतीबरोबर आणखी चार गोष्टी विचाराव्यात. उन्हाळ्यात आत राहवतं का? गावातला मिस्त्री ते दुरुस्त करू शकतो का? कुटुंब वाढलं तर एक खोली जोडता येते का? आणि गरज संपल्यावर ते उतरवून दुसरीकडे उभारता येतं का? चारही उत्तरं ‘हो’ असतील तरच त्यावर पैसा खर्च करावा. युद्धातून जीव वाचवून आलेल्यांना त्याहून कमी देणं हा अन्याय आहे.