थांबलेल्या यंत्राचे रसायन

जर्मनीमध्ये मोटारसायकलीच्या मागील नंबरपट्टीच्या उजव्या कडेला पुष्कळदा दोन लहान आकडे एकाखाली एक, मध्ये आडवी रेघ देऊन उठवलेले आढळतात. वर ०४ आणि खाली १० असे आकडे असतील, तर त्या वाहनाची नोंदणी एप्रिलच्या आरंभापासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंतच्या मुदतीपुरतीच आहे असे समजावे. १९९७ पासून तेथील कायद्याने ही हंगामी नोंदणीची तरतूद केली असून, मुदत कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त अकरा महिन्यांची असू शकते, आणि मालकाला कर व विम्याचा हप्ता तेवढ्याच महिन्यांच्या हिशेबाने भरावा लागतो. मुदत संपली म्हणजे ते वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवण्यास तर मनाई असतेच, पण तेथे नुसते उभे करून ठेवण्यासही असते. म्हणून नोव्हेंबर उजाडण्यापूर्वी हजारो मोटारसायकली गॅरेजात, तळघरात किंवा शेतावरच्या कोठारात नेऊन ठेवल्या जातात, आणि वसंत ऋतू येईपर्यंत त्यांचे चाक फिरत नाही.

परंतु नोंदणी दफ्तराचा हुकूम चाकांपुरता चालतो. टाकीतील पेट्रोलाला, बॅटरीतील आम्लाला, सांध्यासांध्यांत शिरलेल्या मिठाला मुदत ठाऊक नसते. श्रमानंतर मनुष्य निजला म्हणजे त्याच्या शरीराची झीज भरून निघते, आणि या अनुभवावरून आपण यंत्राविषयीही असे धरून चालतो, की ते वापरले नाही म्हणजे टिकते. वस्तुतः यंत्राला आपली झीज भरून काढण्याची शक्ती नाही. चालताना घर्षणामुळे होणारी झीज थांबली, तरी तिच्या जागी दुसरी, रासायनिक झीज सुरू होते, जिला आवाज नसतो आणि जी वसंतात पहिल्यांदा सेल्फचे बटण दाबेपर्यंत लक्षातही येत नाही. हिवाळ्यासाठी मोटारसायकल ठेवण्याची विद्या म्हणजे या मूक क्रिया ओळखून त्यांची वाट आधीच अडवून ठेवण्याची विद्या होय.

यांपैकी पहिली क्रिया रस्त्यावरूनच गाडीबरोबर घरात येते. थंड प्रदेशांत रस्त्यावरचे बर्फ वितळवण्यासाठी मीठ पसरतात, कारण शुद्ध पाणी शून्य अंशाला गोठत असले, तरी ज्यात मिठाचे प्रमाण २३ टक्क्यांच्या आसपास आहे असे द्रावण उणे २१ अंश सेल्सिअसपर्यंत द्रवरूप राहते. हा गुण रस्त्याला उपकारक, पण धातूला घातक ठरतो. ॲल्युमिनिअमच्या पृष्ठभागावर त्याच्याच ऑक्साइडचे जे अतिसूक्ष्म कवच आपोआप तयार होते आणि ज्याच्या आधाराने तो धातू वर्षानुवर्षे टिकतो, त्या कवचाचा मिठातील क्लोराइड भेद करतो आणि आत खोल खड्डे पाडीत जातो. आणि हवेतील सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली, की मिठाचा वाळलेला थरसुद्धा स्वतःच पाणी ओढून पुन्हा ओला होतो, त्यामुळे छपराखाली ठेवलेल्या गाडीवरही क्षरणाचे काम चालूच राहते. म्हणून ठेवण्यापूर्वी गाडी भरपूर पाण्याने, आणि ते पाणी गरम न करता, धुवावी, कारण उष्णतेने मिठाची धातूवरील क्रिया वेग घेते. मग ती पूर्ण कोरडी करून चेनला ताजे वंगण द्यावे.

दुसरी क्रिया टाकीत चालते. पेट्रोल हा एकच पदार्थ नसून शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातील हलके घटक, ज्यांच्या वाफेवर थंड इंजिनाचे पेटणे अवलंबून असते, ते सर्वांत आधी उडून जातात. आणि उरलेल्यांपैकी जे असंपृक्त, म्हणजे दुहेरी बंध असलेले रेणू आहेत, ते हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून एकमेकांना जोडले जातात व चिकट राळेसारखा साका तयार करतात. कार्बोरेटरच्या ज्या जेटमधून इंधन जाते, त्याचे छिद्र मिलिमीटरच्या अंशाएवढे असल्यामुळे हा साका अल्प प्रमाणात जमला, तरी वाट बंद होण्यास पुरेसा होतो. शिवाय हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल मिसळलेले असते, आणि इथेनॉल हवेतून पाणी शोषून घेते. दहा टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल साधारण अर्धा टक्का पाणी पोटात सामावून ठेवू शकते; पण तापमान उतरले की ही क्षमताही उतरते, आणि मर्यादा ओलांडली गेली म्हणजे पाणी व इथेनॉल यांचा जड थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी, म्हणजे नेमका इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी, बसतो. यावर उपाय असा, की पोलादी टाकी काठोकाठ भरून ठेवावी, म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही आणि धातूच्या उघड्या भिंतीवर दव धरत नाही. पेट्रोलात ऑक्सिडीकरण रोखणारे स्थिरक द्रव्य घालून इंजिन काही मिनिटे चालवावे, म्हणजे ते द्रव्य सर्व नळ्यांत पोहोचते. आणि कार्बोरेटर असल्यास त्यातील वाटी रिकामी करावी.

येथेच एका सार्वत्रिक समजुतीचा विचार केला पाहिजे. पुष्कळ मालक हिवाळाभर पंधरवड्यातून एकदा गाडी जागच्या जागी सुरू करून पाच मिनिटे घुरघुरू देतात आणि तिची निगा राखल्याचे समाधान मानतात. पण पेट्रोल जळते तेव्हा त्यातील हायड्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावून पाणी बनतो, आणि हिशेब मांडला तर एक लिटर पेट्रोलामागे जवळजवळ एक लिटर पाणी निर्माण होते. इंजिन पुरते तापले आणि गाडी लांबवर धावली, तर ही सारी वाफ सायलेन्सरवाटे बाहेर पडते; पाच मिनिटांत मात्र धातू तापत नाही, वाफ थंड भिंतींवर ठरते, आणि तिचा काही भाग सायलेन्सरच्या पोटात, तर काही ऑइलमध्ये उतरतो. जुन्या ऑइलात ज्वलनातून आलेली आम्ले आधीच असतात. त्यांना पाण्याची जोड मिळाली म्हणजे बेअरिंगच्या गुळगुळीत पृष्ठभागांचे क्षरण सुरू होते. म्हणून गाडी ठेवण्यापूर्वीच ऑइल बदलावे, प्लग काढून सिलिंडरात चमचाभर स्वच्छ ऑइल सोडून इंजिन हाताने थोडे फिरवावे, आणि नंतर वसंतापर्यंत त्याला हात लावू नये.

सर्वांत अधिक लक्ष बॅटरीला द्यावे लागते, कारण ती स्वतःच एक अव्याहत चालणारी रासायनिक क्रिया आहे. १८५९ मध्ये गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाच्या पत्र्यांची व गंधकाम्लाची जी विद्युत्‌घटमाला तयार केली, तिचेच तत्त्व आजही बहुसंख्य मोटारसायकलींत काम करते. वीज खर्च होते तेव्हा दोन्ही पत्र्यांवर शिशाचा सल्फेट बसतो आणि आम्लातील गंधकाचा अंश कमी होऊन ते पाण्याच्या जवळ जाते. वीज भरली की ही क्रिया उलटते. आता उभ्या गाडीतही घड्याळ, चोरीची सूचना देणारे यंत्र आणि इंजिनाचा संगणक वीज पीतच असतात. हा प्रवाह दोनच मिलिअँपिअर धरला, तरी महिन्याच्या ७२० तासांत १.४४ अँपिअर-तास खर्च होतात, आणि १० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून नोव्हेंबरपासून मार्चअखेरपर्यंत जवळजवळ पाऊण साठा निघून जातो. रिकाम्या बॅटरीत सल्फेटचे कण, जुन्या मधात साखरेचे दाणे हळूहळू जाड होत जावेत तसे वाढत जातात, आणि एकदा ते मोठे झाले की भरणीच्या वेळी विरघळत नाहीत. तेवढा पत्रा कायमचा निकामी होतो.

गोठण्याचे भय याहून तातडीचे आहे. पूर्ण भरलेल्या बॅटरीतील आम्लाचा गोठणबिंदू उणे ५० अंशांच्याही खाली असतो. पण ती रिकामी झाली, की तेच आम्ल उणे सात-आठ अंशांलाच गोठू लागते, आणि पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगत असल्यामुळे पत्रे वाकतात व पेटी तडकते. एकाच गॅरेजातल्या दोन बॅटऱ्यांपैकी एक थंडीत सुरक्षित राहावी आणि दुसरी फुटावी, याचे कारण थंडीत नसून त्यांच्या पोटातील विजेच्या साठ्यात असते. म्हणून बॅटरीच्या तारा सोडवून ठेवाव्या, विद्युत्दाब १२.४ व्होल्टच्या खाली येण्यापूर्वी ती पुन्हा भरावी, किंवा साठा पूर्ण झाल्यावर दाब आपोआप उतरवणाऱ्या चार्जरला ती जोडून ठेवावी. लिथियमच्या नव्या बॅटऱ्यांचा शिरस्ता निराळा आहे. त्या विश्रांतीत फार थोडा साठा गमावतात, परंतु शून्य अंशाखाली त्या भरू नयेत, कारण अशा थंडीत लिथियम धनाग्राच्या समोरच्या पत्र्यात शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातुरूपाने साचते आणि घटाला कायमची इजा होते.

टायरांविषयी थोडक्यात सांगता येईल. तापमान दहा अंशांनी उतरले की टायरातील हवेचा दाब सुमारे दशांश बारने घटतो, आणि महिनोन्‌महिने एकाच जागी भार सोसणारे रबर तेथे चपटे होते. म्हणून दाब थोडा वाढवून गाडी डबल स्टँडवर चढवावी. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात पाणी आणि एथिलीन ग्लायकोल समप्रमाणात असावे. असे मिश्रण उणे ३५ अंशांच्याही खालीपर्यंत गोठत नाही. आणि गाडी प्लास्टिकमध्ये गुंडाळू नये. २० अंश तापमानाची हवा दर घनमीटरमागे सुमारे १७ ग्रॅम वाफ धरून ठेवते, शून्य अंशाची हवा पाच ग्रॅमांहूनही कमी. तेव्हा दमट हवा थंड धातूला भिडली म्हणजे उरलेले पाणी दव होऊन त्यावर उतरते, आणि प्लास्टिकखाली ते सुकण्यास मार्ग राहत नाही. श्वास घेऊ शकणारे कापडी आच्छादन यासाठीच पसंत करावे.

आता थोडे विस्मयकारक वाटेल, पण या सर्व विवेचनाचा निष्कर्ष असा, की हिवाळ्याची थंडी ही साठवलेल्या यंत्राची वैरीण नाही. १८८९ मध्ये स्वान्ते अऱ्हेनियस या स्वीडिश रसायनज्ञाने तापमान आणि रासायनिक क्रियेचा वेग यांचा जो गणिती संबंध मांडला, त्यावरून असा स्थूल नियम निघतो, की पुष्कळशा क्रियांचा वेग दहा अंशांच्या वाढीने सुमारे दुप्पट होतो. म्हणजे २५ अंशांऐवजी ५ अंशांत ठेवलेल्या गाडीत पेट्रोलाचा साका होण्याचे आणि बॅटरीचा साठा आपोआप ओसरण्याचे काम सुमारे चौथ्या हिश्शाने चालते. हानी करते ती स्थिर थंडी नव्हे. हानी करतात तापमानाचे चढउतार, त्यांबरोबर येणारे दव, मागे राहिलेले मीठ आणि रिकामी बॅटरी. रोज दार उघडून तापवल्या जाणाऱ्या गॅरेजापेक्षा, एकसारखे थंड आणि कोरडे राहणारे कोठार या दृष्टीने श्रेयस्कर होय.

काही माणसे मात्र गाडी ठेवण्यास राजी नसतात. १९५६ मध्ये एर्न्स्ट लेव्हर्कुस या पत्रकाराने श्टुटगार्टजवळ त्सुंडाप के.एस. ६०१ या साइडकार जोडलेल्या मोटारसायकलींच्या स्वारांचा भर हिवाळ्यात मेळावा भरवला. त्या गाडीला लोक ‘हिरवा हत्ती’ म्हणत, आणि त्यावरून हत्तींचा मेळावा हेच नाव रूढ झालेला तो सोहळा आज बव्हेरियाच्या अरण्यात बर्फावर तंबू ठोकून पार पडतो. तिसऱ्या चाकाचा आधार घसरड्या बर्फावर तोल सांभाळतो. तरीही थंडीचा हिशेब स्वाराला द्यावाच लागतो. २००१ मध्ये कॅनडा व अमेरिका यांनी स्वीकारलेल्या सूत्रानुसार, शून्य अंश तापमानात ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्याच्या उघड्या त्वचेला उणे १० अंशांइतका गारठा जाणवतो. बोटे बधिर झाली म्हणजे ब्रेकवरील पकड ढिली होते, आणि उन्हाळ्यासाठी बनवलेल्या टायराचे रबर थंडीने कठीण होऊन रस्त्यावरील पकडही कमी होते. अशा प्रवासात मीठ रोज चढते, म्हणून धुण्याचे कामही रोजचे होते.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध दूरचा वाटला, तरी तसा नाही. पुण्याजवळील चाकणच्या कारखान्यात बनलेल्या केटीएम मोटारसायकली युरोपात विकल्या जातात, आणि त्यांतील कित्येकींच्या वाट्याला तेथील हिवाळ्याची ही विश्रांती येते. आणि आपल्याकडे जरी बर्फ पडत नसले, तरी गाड्या महिनोन्‌महिने उभ्या राहतातच. २०२० च्या टाळेबंदीनंतर बॅटऱ्या उतरलेल्या दुचाक्यांची मेस्त्र्यांकडे जी रांग लागली, ती याच रसायनाची साक्ष होती. कोकणात पावसाळ्याचे चार महिने हवा बाष्पाने भरलेली असते आणि समुद्राचे मीठ वाऱ्याबरोबर आत येते, तर विदर्भातील वैशाखात सावलीतही ४० अंशांवर तापमान जाते. युरोपातील १० अंशांच्या कोठाराशी तुलना करता, अऱ्हेनियसच्या नियमाने तेथे हीच क्रिया सुमारे आठपट वेगाने चालते. थंड प्रदेशातल्या गाडीला मिळणारी निसर्गाची सवलत आपल्या गाडीला मिळत नाही, म्हणून निगेची गरज आपल्याकडे अधिकच आहे.

ही निगा खर्चिक नाही. धुणे, वाळवणे, ऑइल बदलणे, टाकी भरणे, बॅटरी सोडवणे आणि हवेचा दाब पाहणे, एवढी कामे एका दुपारी आटोपतात, आणि गावी, परदेशी किंवा आजारपणामुळे गाडीपासून दूर राहणाऱ्या प्रत्येकाने ती करावीत असे मला मनःपूर्वक वाटते. पण कामांच्या यादीपेक्षाही त्यांमागील कारण ध्यानात राहणे अधिक मोलाचे आहे, कारण यादी एका देशाच्या हवामानापुरती खरी असते, तर कारण सर्वत्र लागू पडते. पाणी, मीठ, उष्णता आणि विजेचा ओसरणारा साठा या चौघांवर ज्याने नजर ठेवली, त्याला आपली गाडी म्युनिकच्या तळघरात ठेवायची असो की रत्नागिरीच्या पडवीत, प्रथम काय करावे हे कोणाला विचारावे लागणार नाही.