रंग जाणाऱ्या कापडाची फॅशन

फॅशनची मासिके म्हणजे कॉलेजच्या पोरापोरींचा शौक, असे आपल्यातले बहुतेक व्यापारी समजतात. मीही बरीच वर्षे तसेच समजत होतो. आमच्या गल्लीत कोणाच्या गादीवर असे मासिक दिसले की लोक थट्टा करीत. परंतु कोणते कापड चालणार आणि कोणते बसणार, याचा अंदाज दलालाच्या बोलण्यापेक्षा या मासिकांच्या पानांवरून लवकर लागतो. हे मी नुकसान सोसून शिकलो. तो किस्सा पुढे सांगेन. आधी एका कापडाची हकीकत पाहू. ते आपल्याच देशातल्या हातमागावरचे आहे आणि परदेशातला त्याचा चढउतार मासिकांतून नीट दिसतो. ते म्हणजे मद्रास चेक्स.

हे कापड आपल्या लोकांना समजावून सांगण्याची गरज नाही. लुंगीच्या धंद्यातला माणूस ते डोळे मिटून ओळखेल. सूत आधी रंगवायचे, मग ताणा-बाणा लावून चौकडी विणायची. छपाई नसल्यामुळे दोन्ही बाजू सारख्या. मद्रासच्या आसपासच्या मागांवर हा माल शतकानुशतके निघत आला. रुमाल या नावाने तो पश्चिम आफ्रिकेत जात असे. नायजेरियातील कालाबारी लोक तर या चौकडीतले काही धागे कापून आणि ओढून काढून तिच्यात नवी नक्षी काढतात. म्हणजे कापडाला गिऱ्हाईक होतेच. फॅशन म्हणावी अशी धामधूम मात्र अमेरिकेत झाली, आणि तीही कापडाच्या ऐबामुळे.

कॅप्टन सी. पी. कृष्णन नायर हे मुंबईतून हातमागाचे कापड निर्यात करीत. पुढे त्यांनीच लीला हॉटेले उभी केली. २०१४ साली ते वारले. त्यांनी अनेकदा सांगितलेली हकीकत अशी : १९५८ साली न्यूयॉर्कचा विल्यम जेकबसन नावाचा आयातदार मुंबईस आला आणि त्याने दहा हजार वार मद्रास चेक्स एक डॉलर वाराने घेतले. रंग वनस्पतींचे होते. कापड थंड पाण्यात हलक्या हाताने धुवावे लागेल, हे नायरांनी त्याला बजावून सांगितले होते. जेकबसनने माल ब्रूक्स ब्रदर्स या मोठ्या पेढीस विकला, पण धुण्याची गोष्ट पुढे सांगितली नाही. तेथून शर्ट आणि कोट गिऱ्हाइकांच्या घरी गेले, धुण्याच्या यंत्रात पडले आणि रंग एकमेकांत उतरले. तक्रारींचा पाऊस पडला. जेकबसन वकील घेऊन नायरांच्या दारात उभा राहिला.

मालाचा ऐब सांगून सौदा करावा, हे आपल्याला लहानपणापासून शिकविले जाते. येथे माल विकणाऱ्याने सांगितले होते, मधल्या माणसाने गिळले. आजही बहुतेक भांडणे याच जागी होतात.

यापुढचा भाग मासिकाचा आहे. 'सेव्हन्टीन' हे अमेरिकेतील तरुण मुलींचे मासिक १९४४ पासून निघत होते. त्याच्या संपादिकेशी नायरांची गाठ घालून देण्यात आली आणि मासिकाने या कापडावर आठ पानांचा मजकूर छापला. रंग जाणे हा दोष नसून प्रत्येक धुण्यात कापड नवे रूप घेते, असा त्याचा सूर होता. लोक माल परत करण्याऐवजी मागू लागले. साठच्या दशकातल्या जाहिरातींत तर 'रंग जाण्याची हमी' अशा अर्थाचे शब्द छापले गेले. आपण आयुष्यभर 'पक्का रंग' ओरडून माल विकला, आणि तिकडे कच्च्या रंगाची हमी!

यातला क्रम व्यापाऱ्याने ध्यानात ठेवावा. पहिल्यांदा कापड संपादकाच्या पानावर आले. नंतर मोठ्या दुकानांच्या जाहिरातींत आले. त्यानंतर नकली माल आला. यंत्रावर विणलेली, नुसती छापलेली चौकडी मद्रास म्हणून विकली जाऊ लागली. तिकडच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या व्याख्येप्रमाणे मद्रास म्हणजे त्या भागातून आलेले हातमागाचे सुती कापड. नावाची व्याख्या सरकारी खात्याला करावी लागते, तेव्हा नकली मालाची चलती झाली असे खुशाल समजावे.

जपानमध्ये तीच गोष्ट काही वर्षांनी दिसली. तेथे 'मेन्स क्लब' हे मासिक अमेरिकन विद्यार्थ्यांच्या पोशाखाचा प्रचार करीत होते, आणि केन्सुके इशिझु यांची व्हॅन जॅकेट ही पेढी तसेच कपडे शिवून विकत होती. १९६५ साली 'टेक आयव्ही' हे छायाचित्रांचे पुस्तक निघाले. त्यात विद्यापीठांच्या आवारातली पोरे जशी वावरतात तशी टिपलेली आहेत. व्हॅनचा व्यापार अफाट वाढला, आणि १९७८ मध्ये तिचे दिवाळे निघाले. अमेरिकेत १९८० साली 'द ऑफिशियल प्रेपी हँडबुक' या थट्टेच्या पुस्तकातून हा पोशाख पुन्हा वर आला. २०१० मध्ये 'टेक आयव्ही' इंग्रजीत निघाले आणि चौकडी तिसऱ्यांदा उठली.

आता माझा किस्सा. २०१२ साली प्रत्येक रेडिमेड काउंटरवर मोठ्या चौकडीचे शर्ट टांगलेले पाहून मी साठ ताके भरले. दलाल म्हणाला, ईदपर्यंत एक वार उरणार नाही. ईद गेली, दिवाळी गेली, चाळीस ताके फळीवरच राहिले. वडील हयात होते. ते काही बोलले नाहीत, फक्त रोज सकाळी दुकान उघडल्यावर त्या फळीकडे एकदा पाहत. पुढे रद्दीवाल्याकडून मागच्या तीन वर्षांची फॅशन मासिके किलोने आणली आणि रात्री तारखेप्रमाणे लावून चाळली. पहिल्या वर्षी ही चौकडी फक्त संपादकाने सजविलेल्या फोटोंत होती, तीही एखाद्या पानावर. दुसऱ्या वर्षी महागड्या दुकानांच्या जाहिरातींत. तिसऱ्या वर्षी, म्हणजे मी माल भरला त्या साली, सवलतीच्या सेलच्या जाहिरातींत! मासिक माझ्या दुकानापासून दहा पावलांवर विकले जात होते.

तेव्हापासून मी चित्रापेक्षा ते कोणाच्या पैशाने छापले हे आधी पाहतो. संपादकाच्या पानावर दिसलेल्या कापडाचे दोन-तीन ताके आणून गिऱ्हाइकाचा कल घेतो. सेलच्या पानावर आले की खरेदी बंद. अंकाची तारीखही बघावी लागते, कारण मासिकवाले हंगामाच्या पुष्कळ आधी फोटो काढतात. उन्हाळ्याचे कापड उन्हाळ्यात पाहिले तर माल हाती येईपर्यंत पाऊस लागतो.

आता मासिके कमी झाली. खुद्द 'सेव्हन्टीन'ची नियमित छापील आवृत्ती २०१८ च्या अखेरीस थांबली. माझा मुलगा सारे मोबाईलवर पाहतो. त्याला मी एवढेच विचारतो की हे कापड अंगावर घालणाऱ्या पोरीने ते विकत घेतले की तिला कोणी दिले? बहुतेक वेळा त्याला शोधून सांगावे लागते.

त्या चाळीस ताक्यांचे म्हणाल, तर मद्रासच्या तुकड्यांचे जोडकापड करून अमेरिकेत कोट शिवत, असे त्याच सुमारास वाचनात आले. आमच्या मोहल्ल्यातल्या रजईवाल्याला ते दाखविले. त्याने निम्म्या भावात सगळे उचलले आणि चौकोन कापून रजयांचे अभरे शिवले. ते मात्र एका हिवाळ्यात संपले.