गिळलेला घास परत का येतो?

आमचे मोठे बाबा सत्तरी ओलांडलेले. जेवून दोन तास झाले, उशीवर डोके टेकले की भाकरीचा तुकडा जसाच्या तसा तोंडात यायचा. आंबट नाही, कडू नाही. रात्री ठसका, तोंडाला वास, पाणी पिताना मानेत गुडगुड. घरच्यांनी पित्त समजून सोडा पाजला. शेजारीण म्हणाली, "घशात केस अडकला, झाडून घ्या." तेही झाले. आठ महिने गेले, अंग निम्मे झाले. शेवटी ते पंगतीत बसेनात, हे मला जास्त लागले.

आंबट नसणे हीच खूण. तो घास पोटात पोचलेलाच नसतो. अन्ननलिकेच्या तोंडाशी स्नायूचे कडे असते. गिळताना ते नीट सैल झाले नाही की वर दाब वाढतो आणि कड्याच्या जरा वर, मागच्या बाजूस, जिथे स्नायू विरळ असतात तिथून आतले अस्तर बाहेर फुगते. सायकलचा टायर फाटला की ट्यूबचा फुगा बाहेर येतो, तसेच. त्याची पुढे पिशवी होते व तीत अन्न साचते. जर्मनीच्या झेंकर या डॉक्टरांनी १८७७ साली अशा रोग्यांची माहिती एकत्र केली, म्हणून तिला त्यांचे नाव आहे. हा आजार विरळा, बहुधा साठीनंतरचा. साचलेले अन्न झोपेत श्वासनलिकेत गेले तर न्यूमोनिया होतो, खरी भीती ती.

तपास साधा आहे. बेरियमचे पांढरे औषध पाजून एक्स-रे काढतात, पिशवी स्पष्ट दिसते. घास परत येतो हे दुर्बीण घालण्याआधी डॉक्टरांना जरूर सांगावे; नकळत दुर्बीण पिशवीत शिरली तर ती फाटू शकते. गोळ्यांनी पिशवी जात नाही. त्रास नसलेली लहान पिशवी तशीच ठेवतात, एरवी ते कडे कापावे लागते. आता हे काम बरेचदा तोंडातूनच, मानेवर चीर न देता होते.

पण गिळायला त्रास म्हणजे पिशवीच, असे समजू नका. आपल्याकडे खर्रा-तंबाखू घरोघरी, त्यामुळे कर्करोग नाही ना हे आधी पाहावे लागते. दोन-तीन आठवडे घास अडकत असेल तर अचलपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा. पुढे अमरावतीला पाठवले तर रेशनकार्ड, आधारकार्ड सोबत घ्या आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे तिथल्या आरोग्यमित्राला भरतीआधीच विचारा.

मोठ्या बाबांचे ऑपरेशन झाले. काही दिवस पेजेवर काढले. परवा नातीच्या साक्षगंधात पंगतीत बसले, पाण्याचा पेला मात्र हाताशी धरून.