पत्ता उजवीकडून वाचा

उन्हाळी परीक्षांचे निकाल लागायला सुरुवात झाली की अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम या पाचही जिल्ह्यांतली मुलं मोबाइलवर डोळे लावून बसतात. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचा निकाल, महाडीबीटीची शिष्यवृत्ती, पदवी प्रमाणपत्राचा अर्ज, सगळं त्याच पडद्यावर. समजा, अशा वेळी एक मेल आला: ‘तुमचा निकाल राखून ठेवला आहे. आज पाच वाजेपर्यंत खालच्या लिंकवर लॉगिन करा.’ ओळखीचं नाव, धास्ती आणि हातात थोडाच वेळ. फिशिंगच्या, म्हणजे फसवून पासवर्ड काढून घेण्याच्या, बहुतेक मेलचा सांगाडा हाच असतो.

यात फक्त नवखी पोरं फसतात, हा समज आधी काढून टाकू. मार्च २०१८मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने नऊ इराणी नागरिकांवर आरोपपत्र ठेवलं. त्यानुसार जगभरातल्या एक लाखाहून अधिक प्राध्यापकांच्या खात्यांवर नेम धरला गेला आणि सुमारे आठ हजार खाती हाती लागली. मेल दुसऱ्या विद्यापीठातल्या प्राध्यापकाच्या नावाने यायचा: तुमचा शोधनिबंध वाचला, आवडला, हे आणखी काही लेख पाहा. लिंक उघडली की आपल्याच विद्यापीठासारखं दिसणारं लॉगिनचं पान. आपल्या लेखनाचं कौतुक झालं की कुणाचाही हात माउसकडे जातो. त्यात विद्वत्ता आड येत नाही.

मुळात खोट्या नावाने मेल पाठवता येतो कसा? मेलची देवाणघेवाण ज्या नियमांवर चालते, ते १९८२ साली ठरले. तेव्हा जाळ्यावर मोजके संगणक होते आणि पाठवणाऱ्याची ओळख तपासण्याची सोय त्या नियमांत नव्हती. पाकिटामागे ‘प्रेषक’ म्हणून कुणाचंही नाव लिहावं आणि टपालपेटीत टाकावं, तसाच हा प्रकार. पुढे त्यावर तीन पहारे बसवले गेले. एसपीएफ पाहतो, की या संस्थेच्या नावाने मेल पाठवायची मुभा या सर्व्हरला आहे का. डीकेआयएम मेलवरची गणिती सही तपासतो. या तपासणीत मेल नापास झाला तर त्याचं काय करायचं, हे डीमार्क सांगतो. संगणकावर जीमेल उघडून ‘शो ओरिजिनल’ दाबलं, तर या तिन्हींचा निकाल तुम्हालाही दिसतो.

पण हे पहारेकरी पत्ता तपासतात, हेतू नाही. भामट्याने स्वतःच मिळतंजुळतं नाव विकत घेतलं, तर तिन्ही तपासण्या बिनबोभाट पार पडतात. म्हणून पत्ता स्वतः वाचायला हवा, आणि तोही उजवीकडून. ‘एसजीबीएयू डॉट एसी डॉट इन’ यात शेवटचं ‘इन’ म्हणजे भारत, ‘एसी’ म्हणजे शिक्षणसंस्था आणि त्याच्या डावीकडे विद्यापीठाचं नाव. ‘एसी डॉट इन’ हा शेवट फक्त शिक्षणसंस्थांना मिळतो, त्याची नोंदणी ईआरनेट इंडिया करते. आता हे पाहा: ‘एसजीबीएयू डॉट एसी डॉट इन डॉट निकाल-मदत डॉट कॉम’. सुरुवात विद्यापीठाची वाटते, पण मालकी ‘निकाल-मदत डॉट कॉम’ घेणाऱ्याची. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर नेमका हाच शेवट दिसेनासा होतो. पानावर कुलपाचं चिन्ह आहे म्हणून निर्धास्त राहू नका. मधल्या वाटेवर कुणी मजकूर वाचत नाही एवढंच ते सांगतं. ते कुलूप भामट्यालाही फुकटात मिळतं.

सगळ्यात घातक मेल खऱ्या पत्त्यावरून येतो, कारण सहकाऱ्याचं खातंच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेलं असतं. तिथे पत्ता वाचून काही उपयोग नाही. अशा वेळी वाट बदलावी. मेलमधल्या नंबरवर नव्हे, तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन लावावा आणि विचारावं, ‘सर, तुम्ही मेल पाठवला का जी?’ २०१७मध्ये कॅनडातल्या मॅकइवन विद्यापीठाने, कंत्राटदाराचं बँक खातं बदलल्याच्या खोट्या मेलवर विसंबून १ कोटी १८ लाख डॉलर भलत्याच खात्यात भरले. पुढे त्यातली बरीचशी रक्कम परत मिळाली. हिशेब विभागातल्या प्रत्येकाला ही गोष्ट ठाऊक असायला हवी.

पासवर्डच्या जोडीला ओटीपी असला, तरी तोही पुरेसा नाही. बनावट पानावर टाकलेला ओटीपी त्याच क्षणी खऱ्या पानावर वापरला जातो. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या लॉकनेच लॉगिन करायची सोय, मात्र खऱ्या पत्त्याशीच बांधलेली असते, नकली पानावर ती चालतच नाही. सोय असेल तिथे ती सुरू करा.

तरीही पासवर्ड दिला गेलाच, तर लाजेपायी गप्प बसू नका. खरं संकेतस्थळ स्वतः टाइप करून पासवर्ड बदला, सगळीकडून लॉगआउट व्हा आणि संगणक विभागाला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितकं पैसे अडवणं कठीण. आणि प्राचार्यांना, विभागप्रमुखांना एक विनंती: चूक कबूल करायला आलेल्या कर्मचाऱ्यावर किंवा विद्यार्थ्यावर कृपा करून ओरडू नका. तो घाबरून गप्प राहिला, तर त्याच्या खात्यातून पुढचा मेल तुम्हालाच येईल.