घायपात, मेस्काल आणि ढवळण्याची कला

घायपात म्हटलं की आपल्याकडच्या शेतकऱ्याला कुंपण आठवेल आणि वाखाचा दोर. मेक्सिकोत याच कुळातल्या, म्हणजे अगावेच्या, झाडांची दारू होते. हालिस्कोतल्या निळ्या अगावेची टकिला, तर वाहाकाकडच्या अनेक जातींचं मेस्काल. झाड सहा-सात वर्षं वाढवायचं, पानं छाटायची आणि उरलेला गड्डा शिजवायचा. शिजवल्याशिवाय त्यातली साखर सुटत नाही. मेस्कालसाठीचा गड्डा खड्ड्यात, तापलेल्या दगडांवर मातीखाली झाकून भाजतात. तो धूर पुढे दारूतही टिकतो.

इतक्या वर्षांची मेहनत लिंबू-साखरेत बुडवून टाकायची का? २००७ साली न्यूयॉर्कच्या 'डेथ अँड कंपनी' या बारमध्ये फिल वॉर्ड यांनी याला चोख उत्तर दिलं. ४५ मिली रेपोसादो टकिला, १५ मिली मेस्काल, चमचाभर अगावेचा पाक, कडू अर्काचे दोन शिडकावे आणि वर संत्र्याची साल. हेच 'वाहाका ओल्ड फॅशन्ड'. यातलं प्रमाण मला फार शहाणपणाचं वाटतं. रेपोसादो म्हणजे ओकच्या पिंपात निदान दोन महिने मुरलेली टकिला. पेयाचं अंग तिचं, मेस्काल फक्त धुरापुरतं. ते वाढवलं तर बाकीचं काही कळतच नाही.

हे पेय हलवायचं नसतं, ढवळायचं असतं. हलवल्याने हवा मिसळते आणि पेय गढूळ होतं. लिंबाच्या रसाला ते चालतं, पण नुसत्या दारूच्या मिश्रणाला नितळपणा हवा. जाड काचेच्या भांड्यात मोठे, कोरडे बर्फाचे खडे घ्यायचे. लांब दांड्याच्या चमच्याची पाठ काचेला टेकवून सगळा बर्फ एकसंध फिरवायचा. त्याचा खडखडाट झाला तर हात चुकला असं समजावं. साधारण अर्ध्या मिनिटात पेय गार होतं आणि त्यात पाणीही उतरतं. हे पाणी कृतीतल्या यादीत लिहिलेलं नसतं, पण तोही घटकच आहे. कमी पडलं तर घसा जळतो, जास्त झालं तर पेय मिळमिळीत लागतं. बर्फ बारीक किंवा ओला असेल तर आधीच थांबावं लागतं. म्हणून कसलेला बारटेंडर घड्याळावर विसंबत नाही, मधूनच थेंबभर चाखून पाहतो.

आपल्याकडे डेझमंड नाझरेथ यांनी दख्खनच्या पठारावर वाढणाऱ्या अगावे अमेरिकानाकडे दारूचं झाड म्हणून पाहिलं. त्यांनी आंध्रातल्या चित्तूर जिल्ह्यात भट्टी उभारली आणि २०११ मध्ये गोव्यात 'डेझमंडजी' बाजारात आणली. मेक्सिकोबाहेर टकिला हे नाव लावता येत नाही. त्याची गरजही नाही. आपल्या मातीतल्या झाडाची दारू स्वतःच्या नावानेच ओळखली जावी.

टकिला घेताना बाटलीवर '१०० टक्के अगावे' हे शब्द आहेत का, ते मात्र नक्की पाहा. ते नसतील, तर आतली ४९ टक्क्यांपर्यंत साखर दुसरीकडची असू शकते.