झिरो माईलजवळचे एकशे चौदा

शिरपूर जैनसारख्या गावातून मोर्चा निघालाच, तर तो मुंबईला सहसा जात नाही. तो जातो नागपूरला, आणि तोही हिवाळ्यात. १९५३च्या नागपूर करारात विधिमंडळाचं वर्षातून एक अधिवेशन नागपुरात घ्यायचं ठरलं. महाराष्ट्र राज्य झालं तेव्हापासून विदर्भातल्या माणसानं आपलं गाऱ्हाणं त्या अधिवेशनासाठी राखून ठेवलं आहे. मालेगाव, कारंजा, अमरावती करत गाड्या जायच्या, आता समृद्धी महामार्गावरून जातात. यशवंत स्टेडियमपासून घोषणा देत निघायचं, मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर पोलिसांनी अडवायचं, मग निवेदन घ्यायला कोणी येतंय का याची वाट पाहायची. हा रिवाज इतका मुरला आहे की, त्यात कोणाचा जीव जाऊ शकतो हे आपण विसरूनच गेलो आहोत.

२३ नोव्हेंबर १९९४, बुधवार. दिवाळी होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. त्या दिवशी गोवारी समाज हजारोंच्या संख्येनं नागपुरात उतरला होता. गोवारी म्हणजे पिढ्यानपिढ्या गावाची गुरं राखणारा समाज. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या बाजूला त्यांची वस्ती मोठी. दिवाळीत गायगोधनाच्या दिवशी ढाल नाचवत गावातून फिरण्याचा मान त्यांचा. अशी माणसं मोर्चाला एकटी येत नाहीत. बाया आल्या होत्या, कडेवर लेकरं होती, शिदोऱ्या होत्या. कोणीतरी मंत्री भेटायला येईल, या आशेवर सगळे दिवसभर बसून राहिले. संध्याकाळ झाली तरी कोणी आलं नाही. गर्दी हलली, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, आणि पुढे कठडे, मागून लोंढा अशा कोंडीत चेंगराचेंगरी झाली. ११४ जणांचा जीव गेला, पाचशेहून अधिक जखमी झाले. मेलेल्यांत बायका आणि मुलंच जास्त होती.

मागणी काय होती? अनुसूचित जमातींच्या यादीत गोंड जमातीच्या पोटनावांमध्ये ‘गोंड गोवारी’ अशी नोंद आहे. ती आमचीच, असं गोवारींचं म्हणणं. २४ एप्रिल १९८५च्या शासन निर्णयानं गोवारी वेगळे आणि गोंड गोवारी वेगळे ठरवले, आणि दाखले मिळेनासे झाले. तो निर्णय मागे घ्या, एवढंच सांगायला ही माणसं आली होती.

पुढचं सरकारी वळण ठरल्यासारखं झालं. आदिवासी विकासमंत्री मधुकरराव पिचड यांनी राजीनामा दिला. न्यायमूर्ती दाणी यांचा चौकशी आयोग बसला आणि त्यानं दोष कोणाच्याच पदरात घातला नाही. गोवारींना विशेष मागास प्रवर्गात जागा मिळाली. त्या प्रवर्गाचं आरक्षण सगळं मिळून दोन टक्के, त्यातही इतर वाटेकरी. मागितली होती भाकरी, मिळाला तुकडा. आणि झिरो माईलच्या दगडाजवळ, सीताबर्डीत, गोवारी शहीद स्मारक उभं राहिलं. तिथल्या उड्डाणपुलालाही आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल असं नाव मिळालं. नागपुरात त्या पुलावरून रोज हजारो गाड्या जातात. नावामागची गोष्ट किती जणांना ठाऊक असेल, कोण जाणे.

नाव देणं हा सरकारला परवडणारा उपाय आहे. त्यात कोणाला शिक्षा होत नाही, कोणाला हक्क द्यावा लागत नाही. पण गोवारींनी या स्मारकाचं जे केलं, ते सरकारच्या हिशेबात नसावं. दर २३ नोव्हेंबरला गावोगावची माणसं तिथे जमतात, फुलं वाहतात आणि तिथेच उभं राहून आपली मागणी पुन्हा मांडतात. गावोगावी विखुरलेल्या, राजकारणात संख्येनं लहान आणि पैशानं दुबळ्या समाजाला एकमेकांना धरून राहायला असं ठिकाण लागतं. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात हेच दिसतं. ११ जुलै १९९७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यावर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला, त्यात दहा जण गेले. त्या वस्तीत आजही ११ जुलै चुकत नाही. मुंबईत हुतात्मा चौकात सरकारी पुष्पचक्र वाहिलं जातं, त्यात मानवंदना असते. तिथली संयुक्त महाराष्ट्राची मागणी १ मे १९६० रोजीच पुरी झाली आहे. गोवारींची झाली नाही, म्हणून त्यांचं स्मारक अजून तापलेलं आहे.

एकदा ती मागणी पुरी होता होता राहिली. १४ ऑगस्ट २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं निकाल दिला. गोंड गोवारी नावाची वेगळी जमात १९११ पूर्वीच संपली होती, म्हणून यादीतली नोंद गोवारींचीच, असं न्यायालयानं म्हटलं. मोर्चानंतर जवळजवळ चोवीस वर्षांनी. पण १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं हा निकाल रद्द केला. मधल्या काळात मिळालेले प्रवेश आणि नोकऱ्या तेवढ्या अबाधित ठेवल्या. २०२४च्या सुरुवातीला गोवारी तरुण नागपूरच्या संविधान चौकात उपोषणाला बसले आणि फेब्रुवारीत समाजानं चक्काजाम केला. यातले कित्येक जण १९९४ साली जन्मलेही नसतील.

दावा पिढ्यानपिढ्या वाहणं म्हणजे काय, हे शिरपूरला कोणी शिकवायला नको. अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मंदिराचं दार दोन पंथांच्या वादात सुमारे ४२ वर्षं बंद राहिलं आणि २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं उघडलं. त्या दोन्ही पक्षांकडे वकील लावायची ताकद होती. गुराख्याकडे ती नसते. त्याच्याकडे असते वर्षातली एक तारीख आणि सोबत येणारी माणसं.

दक्षिण आफ्रिकेतल्या शार्पव्हिलची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. २१ मार्च १९६० रोजी कृष्णवर्णीयांना पास बाळगायला लावणाऱ्या कायद्याविरुद्ध जमलेल्या निःशस्त्र लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, ६९ जण मेले. पुढे वर्णभेदाची राजवट गेली. नव्या राज्यघटनेवर सही करायला नेल्सन मंडेला १० डिसेंबर १९९६ रोजी मुद्दाम त्याच शार्पव्हिलला गेले. आज २१ मार्च हा तिथे मानवी हक्क दिन म्हणून राष्ट्रीय सुट्टीचा दिवस आहे. ज्या मागणीसाठी माणसं मेली, तिचं उत्तर राज्यकर्ता त्यांच्या दारात घेऊन गेला. झिरो माईलला असं उत्तर घेऊन अजून कोणी गेलेलं नाही.

गोवारींचा दावा कायद्याच्या कसोटीवर टिकतो की नाही, यावर दोन न्यायालयांत मतभेद झाला. तो प्रश्न एका लेखानं सुटणारा नाही. पण १९९४च्या त्या संध्याकाळी कायद्याचा प्रश्न नव्हता. एका मंत्र्यानं विधानभवनातून बाहेर येऊन निवेदन हातात घेतलं असतं, तर बहुधा माणसं घरी गेली असती. म्हणून आमच्या रिसोड मतदारसंघाच्या आणि वाशीम जिल्ह्यातल्या इतर आमदारांकडे एक मागणं आहे. येत्या हिवाळी अधिवेशनाला जाल, तेव्हा आधी गोवारी स्मारकावर जाऊन या. आणि टी-पॉइंटवर कोणत्याही जातीचा, कोणत्याही पक्षाचा मोर्चा थांबलेला असेल, तर अंधार पडण्याआधी मंत्र्याला सोबत घेऊन त्याच्यापुढे उभे राहा.